वाढत्या अंगाचा फिल्टर

संपादिकाबाईंचा फोन आला. "जपानमधले तुमचे अनुभव लिहा ना, अगदी मनमोकळं." मनमोकळं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर हवा असतो. ट्रेन जराशी उशिरा आली म्हणून कमरेत वाकून माफी मागणारा स्टेशनवरचा माणूस हवा असतो. कचऱ्याचं वर्गीकरण तर पाहिजेच, त्याशिवाय जपानवरचा मराठी लेख छापायला बंदी असावी. आणि शेवटी "आपल्याकडे हे कधी होणार?" असा एक उसासा. मी म्हटलं, "मी आयुष्याची बरीच वर्षं एका गॅरेजच्या काउंटरवर ऑइल फिल्टर विकले. त्यावर लिहू?" पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "लिहा की. तुमच्या मनाला येईल ते." म्हणजे यंदा त्यांच्याकडे पानं रिकामी असावीत.

तर मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेली बाई. पुण्यात ॲडमिशन घेतली तेव्हा आमच्या आत्याने वडिलांना विचारलं होतं, "पोरीला काय गाडीखाली झोपवायचीय का?" गाडीखाली मी फारशी झोपले नाही. चिंचवडला एका डीलरकडे स्पेअर पार्टच्या खिडकीत बसत होते, तोवर लग्न झालं. नवरा शिरीष सॉफ्टवेअरमधला. दोन हजार सालानंतर आयटीवाल्यांची जी रीघ लागली, त्यात आमचंही बिऱ्हाड कावासाकीला येऊन पडलं. कुकर, मसाल्याचा डबा आणि पासपोर्टवर "डिपेंडंट" असा शिक्का मारलेली मी.

आमच्यासारख्या बायका तिकडे पुष्कळ होत्या. एमएस्सी झालेल्या, सीए झालेल्या, बँकेतली नोकरी सोडून आलेल्या. नवरे सकाळी ट्रेनमध्ये कोंबले जायचे आणि आम्ही एकमेकींना ढोकळ्याची रेसिपी द्यायचो. शेवटी सगळ्यांनीच बाइतो, म्हणजे तासांवरची कामं शोधली. कुणी डबे भरायच्या कारखान्यात, कुणी शेजारच्या पोरांना इंग्रजी शिकवायला. मी सायकलवरून जाताना एका गॅरेजच्या काचेवर कागद बघितला: काउंटरला माणूस पाहिजे, इंग्रजी येणं आवश्यक. दुसऱ्या दिवशी आत गेले. डिप्लोम्याचं सर्टिफिकेट मराठी बाणा दाखवत टेबलावर ठेवलं. मालक ओगुरा-साननी ते फार आदराने दोन्ही हातांनी उचललं, बघितलं, तितक्याच आदराने परत दिलं आणि विचारलं, "अमेरिकेला फोन करून भांडता येईल का?" मी म्हटलं, येईल. मला नोकरी लागली.

भांडायचं कारण असं की ते गॅरेज फक्त जुन्या अमेरिकन गाड्यांचं होतं. साठ-सत्तर सालच्या, लांब नाकाच्या, आठ सिलिंडरच्या. त्यांना मसल कार म्हणतात, म्हणजे पैलवान गाड्या. जपानमधल्या गल्लीत ती गाडी वळवणं म्हणजे वन रूम किचनमध्ये सोफासेट वळवणं. तरी जपानी माणूस ती हौसेने घेतो, रविवारी पुसतो, आणि तिच्या आवाजाचा त्रास शेजाऱ्यांना होऊ नये म्हणून हमरस्त्यापर्यंत जीव मुठीत धरून चालवतो. मग पार्ट अमेरिकेतून मागवायचे, ते चुकीचे यायचे, आणि मी फोनवरून भांडायचं.

आता फिल्टरबद्दल सांगते, कारण लोकांना वाटतं त्यात काय एवढं. इंजिनातलं तेल सारखं फिरत असतं, त्यात धातूचा चुरा आणि काजळी मिसळते, ती गाळायला पत्र्याच्या डब्यात दुमडलेला कागद भरलेला असतो. झाला फिल्टर. चहाचं गाळणं जसं असतं तसंच. पण चहाचं गाळणं चुकीचं निघालं तर फार तर पाहुण्याच्या दातात पावडर येते. इथे इंजिनाचा जीव जातो.

निवडताना बघायचं काय? पहिलं म्हणजे आटे. अमेरिकन आटे इंचांत, जपानी मिलिमीटरमध्ये, आणि दोन मापं इतकी जवळची असतात की चुकीचा फिल्टर गोड बोलून चढतो, दोन वेढे जास्त फिरतो, आणि तेलाचा दाब आला की सुटून येतो. दुसरं, तोंडावरची रबरी रिंग, तिचा घेर इंजिनावरच्या बैठकीशी जुळला पाहिजे. तिसरं, आतली झडप. थंडीत तेल घट्ट होतं, कागदातून लवकर जात नाही, तेव्हा ही झडप उघडते आणि न गाळलेलं तर न गाळलेलं, पण तेल पुढे जाऊ देते. काही इंजिनांत ती झडप इंजिनातच असते, काहींत फिल्टरमध्ये असावी लागते. हे न बघता घेतलं तर दोन्हीकडे नाही असं होतं. चौथं, तेल मागे फिरू न देणारा रबरी पडदा. तो नसेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी इंजिन कोरडं खडखडतं. आणि पाचवं, उंची. उंचीकडे कोणी बघत नाही. ते पुढे येईलच.

एवढं सगळं सांगून झाल्यावर गिऱ्हाईक काय विचारायचं? रंग. "निळ्या इंजिनावर नारिंगी फिल्टर उठून दिसेल ना?" एक दातांचे डॉक्टर होते, ते दर वेळी फिल्टरचा खोका उघडून वास घ्यायचे आणि समाधानाने मान हलवून पैसे द्यायचे. कशाचा वास घ्यायचे, देव जाणे. एक तरुण मुलगा आला, म्हणे नवीन फिल्टर लावला तरी धो धो गळतंय. बघितलं तर जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली, त्यावर ह्याने नवी चढवलेली. मी समजावून सांगितल्यावर तो इतका शरमला की पुन्हा दुकानात आलाच नाही, पार्ट पोस्टाने मागवायला लागला. गॅरेजपासून दोन चौक पलीकडे राहायचा.

ओगुरा-सान म्हणजे साठी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांची एक पद्धत होती. ते ओळखीशिवाय गाडी विकत नसत. कोणीतरी सांगायला पाहिजे, की हा माणूस बरा आहे, गाडी नीट ठेवील. आणि सांगितलं की ती जबाबदारी सांगणाऱ्यावर. तिकडे हे सगळीकडेच आहे. आम्हाला घर भाड्याने मिळत नव्हतं, परदेशी म्हणून एजंट दारातच हसून नाही म्हणायचे, तेव्हा जामीन म्हणून ओगुरा-साननी सही केली होती. पुढे शिरीषने एकदा भिंतीला खिळा ठोकला, तर घरमालकाने आम्हाला काही न बोलता फोन ओगुरा-सानना केला. आपल्याकडे ओळख करून देणारा लग्नाचं जेवण जेवून मोकळा होतो. तिकडे तो कायमचा अडकतो.

मला ते काउंटरवर विचारायला लागले, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. नवं गिऱ्हाईक येऊन गेलं की चहाचा कप ठेवून म्हणायचे, "नीलिमा-सान, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणायचे, हा दर आठवड्याला पॉलिश करील पण तेल बदलणार नाही. किंवा, ह्याला द्या, ह्याच्या बुटांना सोल नवे लावलेत. ते मान डोलवायचे आणि तसंच करायचे. माझ्या घरात माझं मत कुठल्या रंगाचे पडदे घ्यायचे एवढ्यापुरतं चालायचं, आणि इथे हा माणूस माझ्या एका शब्दावर आख्खी गाडी देत होता. मला त्याचा गर्व होता, उगाच नाही कशाला म्हणू.

मग त्यांच्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला साफ नकार दिला. त्यांची स्वतःची एक गाडी होती, गडद हिरवी. तिचं इंजिन त्यांनी एकट्याने, सुटा सुटा भाग करून बांधलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालवायची नाही. नुसती उभी ठेवली तर ती सडणार. त्यांनी विकायची ठरवली, आणि गॅरेजमधला प्रत्येक जण त्या आठवड्यात हळू आवाजात बोलत होता.

इथे प्रवेश होतो समीर जोगळेकरांचा. शिरीषच्या ऑफिसातले, प्रोजेक्ट मॅनेजर. इचिकावाला राहायचे, बायको अश्विनी, मुलगी सई. लहानपणापासून म्हणे त्यांच्या भिंतीवर ह्याच गाडीचं पोस्टर होतं. ऑनसाइटचा पगार, देशात दोन फ्लॅट बुक झालेले, आता तिसऱ्या फ्लॅटऐवजी गाडी. दर शनिवारी दुकानात यायला लागले. "वहिनी, तुम्ही शब्द टाका ना. तुमचं ऐकतात ते."

आणि माणूस खरंच तयारीचा होता हो! आट्यांचं माप तोंडपाठ, झडपेचा दाब तोंडपाठ. मी ओगुरा-सानना म्हटलं, "द्या. नीट ठेवतील." त्यांनी एकच अट घातली: तेल आणि फिल्टर आपल्याकडेच बदलायचं. जोगळेकर तीनदा वाकले. किल्ली देताना ओगुरा-सान त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

पहिल्या खेपेला जोगळेकर आले, फिल्टर बदलून घेतला. बिल बघितलं. चेहरा असा झाला जसा कांद्याचा भाव ऐकून होतो. "वहिनी, अमेरिकेत हाच फिल्टर किती स्वस्त मिळतो माहितीय?" मी म्हटलं, "माहितीय. तिथे पुणेरी मिसळ किती महाग मिळते तेही माहितीय." ते हसले. मला वाटलं, विषय संपला. कुठचं काय.

मराठी माणसाचा कुणीतरी कायम अमेरिकेहून येत असतो. जोगळेकरांचा मावसभाऊ न्यू जर्सीहून मुंबईला जाताना तोक्योत उतरणार होता. झालं. बॅगेत बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, सईसाठी चॉकलेटं आणि मोज्यांत गुंडाळलेले सहा ऑइल फिल्टर. बरं, साधे नाहीत. त्याच आट्यांचे, त्याच रिंगेचे, पण उंचीने जवळपास दीडपट. हे मला केव्हा कळलं? फिल्टर चढवून झाल्यावर. पार्किंगमध्ये गाडी जॅकवर घेऊन ह्यांनी स्वतः बदलला आणि मग फोनवर मला सांगितलं.

"त्याच किमतीत मोठा येत होता, वहिनी. जास्त कागद, जास्त तेल मावतं. फायदाच आहे ना?"

"अहो जोगळेकर, तो काय शाळेचा युनिफॉर्म आहे का, वाढत्या अंगाचा घ्यायला? इंजिन आता वाढणार नाहीये."

"लॉजिकली सांगा ना, तोटा काय?"

आता खरं सांगायचं तर लॉजिकली तोटा नव्हता. दर्जा उत्तम, झडप बरोबर, सगळं जुळत होतं. फक्त खाली जास्त लोंबत होता. मी म्हटलं, "अट होती. आपल्याकडेच बदलायचं ठरलं होतं." तर म्हणाले, "ओगुरा-सानना कशाला सांगायचं उगाच? त्यांना वाईट वाटेल." किती तो कनवाळूपणा! मी त्यांना पुढच्या शनिवारी गाडी घेऊन यायला बजावलं. ते "नक्की, नक्की" म्हणाले. आमचं नक्की जपानी लोकांना आजवर समजलेलं नाही, मला तर जन्मापासून समजतं.

शनिवारच्या आधी आला रविवार, आणि रविवारी इचिकावाच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये आमच्या लोकांचा फराळ होता. जोगळेकर गाडी घेऊन आले. येणारच. पंचवीस माणसांनी गाडीला हात लावून बघितलं, दोघांनी ॲव्हरेज किती देते विचारलं. पार्किंग हॉलच्या शेजारी, पैसे टाकून उभी करायचं. न पाहिलेल्यांसाठी सांगते: तिथे गाडी लावली की जमिनीतून एक लोखंडी पाटी वर येते आणि गाडीच्या पोटाखाली उभी राहते. मशिनमध्ये पैसे भरले की पाटी खाली जाते आणि तुम्ही निघायचं. लगेच निघायचं. काही मिनिटं थांबलात तर मशिनला वाटतं तुम्ही अजून राहणार आहात, आणि पाटी पुन्हा वर येते. जपानी माणसाला हा नियम माहीत असायची गरजच पडत नाही. तो पैसे भरतो आणि निघतो.

आम्ही निघतो म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. जोगळेकरांनी पैसे भरले. पाटी खाली गेली. मग अश्विनीला आठवलं की चिवड्याचा डबा आत राहिला. तो आणेपर्यंत कुणीतरी बेसनाच्या लाडवांची पुडी घेऊन आलं. मग पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा कधी मिळणार ह्यावर उभ्या उभ्या चर्चा. मग "एकदा घरी या ना," "तुम्हीच या," "नाही, ह्या वेळी तुमची पाळी." सई गाडीत बसून कंटाळली, काच खाली करून ओरडली, "पापा, हायाकु!" म्हणजे लवकर चला. पापा "हो हो, निघालोच" म्हणून आणखी एक विषय काढत होते. ह्या सगळ्यात पाटी आपलं काम करून वर येऊन उभी राहिलेली.

आणखी एक. जपानी माणूस गाडी नेहमी मागे घेत पार्क करतो, म्हणजे निघताना सरळ पुढे. जोगळेकरांनी थेट नाक खुपसून लावली होती, कारण मागून गाडी छान दिसते. त्यामुळे निघताना रिव्हर्स. त्यांनी आम्हाला हात केला, गिअर टाकला आणि ऐटीत मागे घेतली. गाडी मागे सरकली तशी पोटाखालची पाटी पुढच्या चाकांच्या दिशेने आली, आणि चाकांच्या जरा मागे, जिथे मूळचा फिल्टर असता तर वरून सुटला असता, तिथे हा दीडपट लोंबत होता. करकचून आवाज झाला. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. ती मीच असणार.

इंजिन चालू होतं. चालू इंजिनात तेलाचा पंप काम करतच राहतो, तो काही खाली वाकून बघत नाही. फाटलेल्या फिल्टरमधून काळं तेल रस्त्यावर उतरलं आणि उताराने शेजारच्या घराच्या फाटकाकडे निघालं. डॅशबोर्डवर लाल दिवा. जोगळेकर म्हणाले, "काहीतरी लागलं वाटतं. थोडी मागे घेऊन बघतो." सभोवती जमलेले सगळे इंजिनिअर. एक म्हणाला, न्यूट्रल करा. एक म्हणाला, जोरात ॲक्सिलरेटर द्या म्हणजे सुटेल. एकाने फोटो काढला. मी साडी खोचून खिडकीपाशी धावले, हात आत घातला आणि किल्ली फिरवून काढूनच घेतली.

"अहो वहिनी, काय करता! पेट्रोल पंप तो काय समोर. तिथपर्यंत जाऊ द्या."

"तेलाशिवाय? तिथपर्यंत इंजिन जाईल, परत येणार नाही."

"गाडी माझी आहे."

"शब्द माझा आहे," मी म्हटलं, आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली. सईने काच वर करून घेतली.

मग मी फोन केला. ओगुरा-सान सुट्टीच्या दिवशी पलीकडून फक्त "हाय", म्हणजे हो, म्हणत ऐकत राहिले, मग म्हणाले, "इंजिन बंद कधी केलं?" मी म्हटलं, लगेच. त्यांनी फोन ठेवला. ते येईपर्यंत आम्ही जुने टॉवेल, वर्तमानपत्रं, कागदी बशा, होतं नव्हतं ते तेलावर टाकत बसलो. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मला समजावत होते की चूक मशिनची आहे, पाटी वर येताना बेल वाजायला हवी. आपण तक्रार करू, म्हणाले.

ओगुरा-सान लहान ट्रक घेऊन आले. ट्रकमध्ये भुशाची पोती, फडकी, आणि पुढच्या सीटवर मिठाईचे तीन खोके, दुकानाच्या कागदात बांधलेले. गाडीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आधी त्या फाटकाच्या घरी गेले, बेल दाबली आणि दार उघडलेल्या आजीपुढे कमरेत वाकले. म्हणाले, "माझ्या गाडीमुळे तुम्हाला त्रास झाला." माझ्या गाडीमुळे! जोगळेकर माझ्या कानाशी, "वहिनी, ह्यांची कशी? ही तर माझी गाडी. सांगा ना त्यांना." मी सांगितलं नाही. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि वाकले. तीन घरं झाली. तिसऱ्या घरी बघते तर माझ्या पलीकडे जोगळेकरही वाकलेले, हातात अजून लाडवांची पुडी. आजवर त्यांना इतकं खाली वाकलेलं ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं.

मग भुसा पसरला, रस्ता घासून झाला. फाटलेला फिल्टर ओगुरा-साननी सोडवला, हातात घेऊन फिरवला, आटे बघितले, रिंग बघितली. म्हणाले, "चांगला फिल्टर आहे." खरंच म्हणाले. टोमणा मारायला त्यांना येतच नव्हतं, नाहीतर मला बरं वाटलं असतं. गाडी ट्रकच्या मागे बांधून नेली. पुढच्या दिवसांत त्यांनी इंजिन उघडून बघितलं. बेअरिंगवर ओरखडा नव्हता. इंजिन वाचलं होतं.

त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. जोगळेकरांनी लिखित माफी दिली, फिल्टर आमच्याकडून घ्यायला लागले, पाच उरलेले मोज्यांसकट दान केले. सगळं सुरळीत. फक्त एक झालं. ओगुरा-सान मला विचारायचे बंद झाले. गिऱ्हाईक यायचं, जायचं, ते चहा प्यायचे, कप धुऊन ठेवायचे. "नीलिमा-सान, तुम्हाला काय वाटतं?" हे वाक्य आलंच नाही. उलट आभार जास्त मानायला लागले. एक खोका उचलून दिला तरी "खूप खूप धन्यवाद." आपल्याकडे माणूस रागावला की आवाज चढवतो, भांडी आपटतो, निदान कळतं तरी. हा माणूस रोज मला पाहुण्यासारखं वागवत होता. मी एकदा पार्टच्या खोलीत खोक्यांच्या मागे बसून रडले. शिरीष म्हणाला, "अगं, पगार तर वेळेवर देतात ना? मग?" काय सांगणार त्याला?

असं वर्षभर गेलं. मग मंदी आली. आयटीवाल्यांना एकेक करून परत बोलवायला लागले. रोज कुणाच्या तरी घरचा फ्रिज फुकट मिळत होता. जोगळेकरांनाही पुण्याला जायचं फर्मान आलं. तिकडे ती गाडी न्यायची सोय नव्हती. त्यांनी ती धुऊन पुसून ओगुरा-सानकडे परत आणून दिली. निघताना बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, डोळे पुसले. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्या दिवशी किल्ली घेतली नसती तर..." मला त्यांचं खरंच वाईट वाटलं, हे त्यांना कळू न देण्याची मी काळजी घेतली.

हिरवी गाडी पुन्हा विकायला उभी. तीन-चार जण बघून गेले. ओगुरा-सान प्रत्येकाला "विचार करतो" म्हणाले, म्हणजे नाही. मला विचारलं नाही.

मग एका शनिवारी बंद करायच्या वेळी शिरीष दुकानात आला. नेहमी मला न्यायला यायचा तेव्हा बाहेर उभा राहून फोन बघायचा. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट. हातात मिठाईचा खोका. माझ्याकडे न बघता सरळ ओगुरा-सानपुढे गेला, वाकला आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या जपानीत म्हणाला, "ही गाडी मला घ्यायची आहे." मला घरात एका शब्दाने सांगितलं नव्हतं. नंतर म्हणाला, सरप्राइज होतं.

ओगुरा-साननी त्याला बसवलं. चहा दिला. गाडीकडे बघितलं, शिरीषकडे बघितलं. मग कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"नीलिमा-सान, तुम्हाला काय वाटतं?"

हे वाक्य मी वर्षाहून जास्त काळानंतर ऐकत होते. शिरीष माझ्याकडे बघून हसत होता, अगदी निश्चिंत. आणि मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, इतकी वर्षं बघत आले तशी नाही, गिऱ्हाइकाकडे बघते तशी. चांगला माणूस. प्रेमळ. नळावरच्या पाण्याच्या फिल्टरचा लाल दिवा लागला की त्यावर चिकटपट्टी लावणारा. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी फुटेपर्यंत "चालतंय ना अजून" म्हणणारा. स्वतःच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वर्ष काढणारा.

"नका देऊ," मी म्हटलं.

"नीलू?" शिरीष म्हणाला.

"ह्यांना अजिबात देऊ नका."

ओगुरा-साननी गंभीरपणे मान डोलवली. "समजलं," म्हणाले. किल्ली उचलली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावला. मग शिरीषला फार आदराने आणखी चहा दिला.

घरी जाताना शिरीष स्टेशनपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालला. ट्रेनमध्ये जागा मिळाली तरी बसला नाही. आणि मला रडूच आवरेना, रुमाल भिजला, समोरच्या बाईने जपानी सभ्यतेने डोळे मिटून घेतले. शेवटी शिरीषचं मन विरघळलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे गं. एवढं वाईट नको वाटून घेऊस. मी नाही रागावलो." त्याला वाटलं, त्याला गाडी मिळाली नाही म्हणून मी रडतेय. मी तसंच वाटू दिलं.